हाताने उभारलेली क्लाउड व्यवस्था कोडमध्ये आणताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : पतपेढी_ऑप्स

नमस्कार. आमची कंपनी पुण्यात असून सहकारी पतसंस्थांसाठी लेखा आणि कर्जवसुलीचे सॉफ्टवेअर पुरवते. सगळे काम एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये (एका भागातील डेटा केंद्रांच्या समूहात) चालते. गेली काही वर्षे ज्याला जशी गरज पडली तसे त्याने कन्सोलवर (एडब्ल्यूएसच्या वेब नियंत्रण-पानावर) जाऊन सर्व्हर, डेटाबेस आणि लोड बॅलन्सर उभे केले; परिणामी एखाद्या सिक्युरिटी ग्रुपमधले (सर्व्हरपर्यंत कोणाला पोहोचता येईल हे ठरवणाऱ्या नियमांमधले) पोर्ट कोणासाठी उघडले आहे हे विचारायला जावे, तर ते उघडणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.

आता एका मोठ्या ग्राहकाने अट घातली आहे की मुंबईत बिघाड झाल्यास हैदराबाद रीजनमधून काम सुरू करता आले पाहिजे आणि तसे प्रत्यक्ष करून दाखवले पाहिजे. हेच सगळे हाताने दुसऱ्यांदा उभारता येईलही, पण पुढे दोन्ही ठिकाणे सारखी राहतील याची हमी मी देऊ शकत नाही. म्हणून टेराफॉर्म किंवा ओपनटोफू (क्लाउड व्यवस्था कोडमध्ये लिहून उभारण्याची साधने) वापरावे असा विचार आहे. या दोहोंपैकी काय निवडावे? मुंबईतली व्यवस्था आधी आयात करावी, की हैदराबाद नव्याने लिहावे? शिवाय, कोड मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) होताच बदल आपोआप प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरत असलेल्या व्यवस्थेवर) लागू व्हावा अशी व्यवस्थापनाची इच्छा आहे, ती कितपत मान्य करावी?

उत्तर : जुना_सिसॲडमिन

साधनाच्या निवडीवर फार वेळ घालवू नये. टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलून बिझनेस सोर्स लायसन्स आणले, त्यातून ओपनटोफू हा फाटा (त्याच जुन्या कोडवरून वेगळा चालवलेला प्रकल्प) निघाला आणि तो लिनक्स फाउंडेशनकडे गेला. पुढे हॅशिकॉर्प आयबीएमने विकत घेतली. नवा परवाना प्रामुख्याने हॅशिकॉर्पशी स्पर्धा करणारे उत्पादन विकणाऱ्यांना अडवतो, तुमच्यासारख्या वापरकर्त्याला नव्हे. तरीही आज कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची असेल तर मी ओपनटोफू घेईन, कारण त्यात १.७ आवृत्तीपासून स्टेट फाइल (काय काय उभारले आहे याची साधनाने ठेवलेली नोंद) कूटबद्ध करण्याची सोय आहे आणि पतसंस्थांचा डेटा हाताळणाऱ्या कंपनीला ती उपयोगी पडेल.

क्रमाविषयी माझे मत ठाम आहे: कोड आधी हैदराबादसाठी लिहावा. तेथे अद्याप एकही ग्राहक नाही, त्यामुळे सगळे पाडून पुन्हा उभारण्याची मुभा आहे, आणि कोड खरोखर पुरेसा आहे की नाही हे पाडून उभारल्याशिवाय कळत नाही. तो स्थिरावल्यावर त्याच मॉड्यूलमध्ये (कोडच्या त्याच संचात) मुंबईतले एकेक साधन इम्पोर्ट ब्लॉक लिहून आणावे आणि प्लॅन (काय बदलेल हे आधी दाखवणारा आदेश) चालवून पाहावा. प्लॅन जे फरक दाखवेल, तीच तुमच्या मुंबईतल्या हातकामाची खरी यादी होय. सर्व्हरचा प्रकार, बॅकअप ठेवण्याचे दिवस, कोणीतरी घाईत शून्य-शून्य-शून्य-शून्यला, म्हणजे साऱ्या इंटरनेटला, उघडलेले बाविसावे (दूरून लॉगिन करण्याचे) पोर्ट, हे सगळे तेथे ओळीने दिसेल. ती यादी शून्यावर येईपर्यंत मुंबईवर अप्लाय करू नये, म्हणजे बदल प्रत्यक्ष लागू करू नयेत.

एक सावधगिरी बाळगावी. हैदराबाद रीजन नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले असून ते खात्यात आधी चालू करून घ्यावे लागते. एएमआयचे (सर्व्हर ज्यावरून उभारतो त्या साच्याचे) क्रमांक, केएमएसच्या (एडब्ल्यूएसच्या कूटबद्धीकरण सेवेच्या) चाव्या आणि लोड बॅलन्सरची प्रमाणपत्रे रीजननिहाय वेगळी असतात. मुंबईतला क्रमांक कोडमध्ये जसाच्या तसा लिहिला तर तो तेथे चालणार नाही.

उत्तर : प्लॅन_वाचक

वरील क्रमाशी सहमत आहे. मी फक्त आपोआप अप्लायविषयी लिहितो. स्टेजिंगवर (चाचणीच्या व्यवस्थेवर) ते जरूर करावे. प्रॉडक्शनवर मात्र एका माणसाने प्लॅन वाचून मंजुरी दिल्याखेरीज अप्लाय होऊ देणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घेणे आहे.

याचे कारण असे की कोडमधला एका शब्दाचा बदल आणि त्याचा प्रत्यक्ष परिणाम यांत काहीच प्रमाण नसते. आरडीएसचा (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेचा) डेटाबेस पूर्वी एन्क्रिप्शनशिवाय तयार झाला आहे आणि आता ऑडिटसाठी कोणी कोडमध्ये त्या एका ओळीत ‘फॉल्स’चे ‘ट्रू’ केले, असे समजा. पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासणीसाठी मांडला जातो तेथे) हा बदल निरुपद्रवी, किंबहुना स्तुत्य दिसतो. पण चालू डेटाबेसला नंतरून एन्क्रिप्शन लावता येत नाही, त्यामुळे प्लॅनमध्ये त्याच्यापुढे वजा आणि अधिक अशी जोड खूण येते आणि बाजूला ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ लिहिलेले असते: अर्थात जुना डेटाबेस पाडून नवा, रिकामा उभारला जाईल. योग्य मार्ग म्हणजे स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घेणे, त्याची एन्क्रिप्टेड प्रत करणे आणि त्या प्रतीतून नवा डेटाबेस उभारणे. तो कामाच्या वेळेबाहेर ठरवून करावा लागतो. ‘काउंट’ वापरून केलेल्या सर्व्हरच्या यादीतून मधला एक काढला की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात, तेव्हाही असाच अनपेक्षित पाडाव दिसतो. तेथे प्रत्येकाला क्रमांकाऐवजी नावाने ओळखणारे ‘फॉर-ईच’ वापरावे.

साधन पाडण्यास मनाई करणाऱ्या कोडमधल्या ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ या ओळीवर पूर्ण विसंबू नये, कारण त्या साधनाचा संपूर्ण ब्लॉकच कोणी कोडमधून काढून टाकला तर ते संरक्षणही त्याच्यासोबत जाते. डेटाबेसवर एडब्ल्यूएसच्या बाजूचे डिलीशन प्रोटेक्शनही चालू ठेवावे. व्यवस्थापनाला उदाहरण हवे असेल तर २८ फेब्रुवारी २०१७ चे एस-थ्रीचे (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवण सेवेचे) प्रकरण सांगावे: आदेशातले एक मूल्य चुकीचे टंकले गेल्याने अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर काढले गेले. त्यानंतर ॲमेझॉनने आपल्या त्या साधनाचा वेग कमी केला आणि किमान क्षमतेखाली जाऊ न देणारा अडसर त्यात बसवला.

उत्तर : हैदराबाद_स्टँडबाय

मूळ उद्देश बिघाडाच्या वेळी उपयोगी पडणे हा आहे, म्हणून एक प्रश्न विचारतो: हैदराबादची स्टेट फाइल कोठे ठेवणार? ती मुंबईच्या एस-थ्री बकेटमध्ये (साठवणीच्या कप्प्यात) असेल तर मुंबई बंद पडल्यावर हैदराबादवर अप्लायच चालवता येणार नाही. दोन्ही रीजनांची स्टेट वेगळी ठेवावी, हैदराबादची हैदराबादच्याच बकेटमध्ये, व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपणे) चालू करून. हे आदेश आपोआप चालवणारी पाइपलाइनही मुंबईतल्याच एखाद्या जेन्किन्स सर्व्हरवर चालत असेल तर तिच्याबाबत हाच विचार करावा.

दुसरे असे की कोडने उभा राहणारा डेटाबेस रिकामा असतो. खातेदारांचे व्यवहार तेथे पोहोचण्यासाठी क्रॉस-रीजन रीड रेप्लिका (दुसऱ्या रीजनमध्ये सतत अद्ययावत होणारी, फक्त वाचता येणारी प्रत) लागेल, आणि ती सतत चालू राहत असल्याने तिचा खर्च अंदाजपत्रकात आधीच दाखवावा. मुंबईतला डेटाबेस एन्क्रिप्टेड असेल तर रेप्लिकासाठी हैदराबादमधली केएमएस चावी द्यावी लागते. सरावाच्या दिवशी रेप्लिका प्रमोट केल्यावर (तिला स्वतंत्र मुख्य डेटाबेस केल्यावर) कोडमध्ये मात्र ती अजून रेप्लिकाच राहते, तेव्हा तो फरक कोण आणि केव्हा मिटवणार हे सरावाच्या कागदावर लिहून ठेवावे.

पतपेढी_ऑप्स

सर्वांचे आभार. स्टेट फाइलच्या जागेचा विचार आम्ही केलाच नव्हता. एक शंका उरते: रात्री दोन वाजता ग्राहकाचे काम अडले असताना पुल रिक्वेस्ट आणि मंजुरी यांची वाट पाहणे शक्य नसते. तेव्हा कन्सोलवर हात लावू द्यायचा की नाही?

प्लॅन_वाचक

द्यावा, पण त्यासाठी वेगळी आणीबाणीची भूमिका (तात्पुरते जादा अधिकार देणारी एडब्ल्यूएसमधली ओळख) ठेवावी. ती कोणी घेतली की सगळ्या टीमला सूचना जावी. एरवी सर्वांना कन्सोल फक्त वाचण्यापुरते असावे. जोडीला रोज पहाटे प्रॉडक्शनवर केवळ प्लॅन चालवावा: ‘डीटेल्ड एक्झिट-कोड’ हा पर्याय दिला की फरक नसल्यास ०, त्रुटी आल्यास १ आणि फरक असल्यास २ मिळतो, आणि २ आला की तिकीट उघडावे. रात्रीचा बदल एक तर कोडमध्ये आणावा, नाहीतर अप्लाय करून मागे घ्यावा. ऑटोस्केलिंगने (भारानुसार सर्व्हर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) स्वतः बदललेली सर्व्हरसंख्या मात्र ‘इग्नोर चेंजेस’मध्ये (दुर्लक्ष करायच्या बदलांच्या यादीत) घालावी, नाहीतर रोज सकाळी खोटे तिकीट येईल आणि दोन आठवड्यांत ती तिकिटे कोणी उघडूनही पाहणार नाही.