नागपूरकरांनो, तुमच्या भागात राहणं कसं आहे?

"मस्त आहे" किंवा "लय तापते" एवढ्यावर थांबू नका. काय केलं की राहणं सोपं होतं, कुठे बिघडतं, तेही लिहा.

मानेवाडा

नागपुरातलं सुख मार्च ते जूनमध्येच कळतं. पारा ४५च्या पुढे जातो, मेअखेरचा नऊ दिवसांचा नवतपा लागला की दिवस मावळल्यावरही झळा थांबत नाहीत. पण हवा कोरडी, म्हणून कूलर इथे चालतो, मुंबईत नाही.

कूलरच्या ताट्यांतलं (बाजूच्या जाळ्यांतलं) गवत दर मार्चमध्ये नवं. गठ्ठा तसाच कोंबला तर पोकळी राहते आणि तेवढ्यातून सरळ लू आत येते. मोकळं करून सारखं पसरा. आधी पंधरा मिनिटं नुसता पंप, गवत पूर्ण भिजलं की पंखा. पहिल्या दिवसाचं पिवळं पाणी टाकून द्या. बोअरचं पाणी असेल तर वरच्या नळीची भोकं क्षारानं बुजतात. ताटीवर कोरडा पट्टा दिसला की समजा, सुई घेऊन बसायची वेळ झाली. समोरची खिडकी थोडी उघडी हवीच. सगळं बंद करून बसणारेच "कूलरनं चिपचिप होते" म्हणतात.

पाणी भरताना नुसता स्विच नाही, प्लगच काढा. लोखंडी बॉडी, ओली फरशी आणि अर्थिंग नाही, असा शॉक जीव घेतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पंप बंद. दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

नंदनवन

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एप्रिलच्या आधी स्लॅबला चुना मारावा. रात्रभर भिजवून गाळा, थोडं फेव्हिकॉल घाला, दोन हात द्या. पावसात धुऊन जातो, म्हणजे दरवर्षीचं काम. गच्चीवरच्या काळ्या टाकीवर हिरवी नेट टाका, नाहीतर दुपारी नळाला चहाचं पाणी येतं.

गोधनी

शहराला पाणी पेंचमधून, नवेगाव खैरीकडून, आणि कन्हान नदीतून येतं. पाण्यापेक्षा डोकेदुखी टुल्लू पंपाची. थेट नळाला लावला की लाइनमधला दाब उतरतो आणि जुन्या जोडांतून शेजारच्या नालीचं पाणी आत ओढलं जातं. मग सगळी गल्ली पोट धरून बसते. अंगणात जमिनीखाली टाकी करा, नळाचं पाणी तिच्यात पडू द्या, पंप तिथून वर चढवू द्या.

बेसा रोड

प्लॉट घेणाऱ्यांनो, "एनआयटी (नागपूर सुधार प्रन्यास) मंजूर" असं फलकावर लिहिलंय म्हणून भुलू नका. ५७२ आणि १९०० अशा दोन याद्यांतल्या अनधिकृत ले-आउटचा घोळ नागपुरात सगळ्यांना माहीत आहे. प्लॉट नंबर टाकलेलं आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र मागा, त्यासाठीच्या शुल्काची डिमांड नोट भरल्याची पावती पाहा, सातबारा आणि नकाशा जुळवा. विकास आराखड्यात तिथे रस्ता किंवा मैदान आरक्षित नाही ना, तेही. असे अनधिकृत प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१चा. त्यात २०२१मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामं आली. त्यानंतरच्या बांधकामाला "होऊन जाईल" म्हणणाऱ्याकडून लेखी घ्या. आरएल नसेल तर बँक कर्जाला अडते, नकाशाही मंजूर होत नाही.

अंबाझरी ले-आउट

तलाव, झाडं, सकाळचं फिरणं, सगळं खरं. पण २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले. इकडे भाड्यानं घर पाहताना भिंतीवरची पाण्याची रेघ शोधा. नव्या रंगाखालीही पोपडे दिसतात. मीटर आणि इन्व्हर्टर छातीच्या उंचीवर हवेत.

खापरी

११ डिसेंबर २०२२पासून मेट्रो चारही दिशांना धावते, बदलायची सीताबर्डीला. एसी आहे, वेळेवर आहे. पण मानेवाडा-बेसाकडे ती जात नाही, आणि एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. मे महिन्यात दुपारी बॅग घेऊन निघणार असाल तर पुढच्या ऑटोचे पैसे आधीच धरा.