मासेमारीच्या इलेक्ट्रिक रीलला (मोटरवर दोर गुंडाळणारी) बॅटरी कुठली? (२२ फुटी फायबर होडी, देवगड)

देवगड_होडी: ३०-३५ वावात (वाव म्हणजे साधारण ६ फूट) तांबोशी, गोबऱ्यासारख्या माशांसाठी १२ व्होल्टची रील लावलीय. वजन आलं की रील मंदावते, मग बंदच पडते. सध्या इंजिन स्टार्टच्या बॅटरीवर, ४ मीटर अंतर, २.५ चौरस मिमी वायर. बॅटरी बदलू का?

तारजोडणी: आधी वायर बदला. जाऊन-येऊन ८ मीटर झाले. २० अँपिअर खेचले की त्यात सव्वा व्होल्टच्या आसपास जातो, रील लो-व्होल्टेज समजून थांबते. ६ चौरस मिमी, कथील चढवलेली तांब्याची वायर घ्या. तूट अर्ध्या व्होल्टवर येईल. ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच, रीलजवळ नको. रीलच्या माहितीपत्रकात कमी सांगितला असेल तर तेवढाच. आणि बॅटरीला चिमटे लावले असतील तर ते फेकाच! खाऱ्या हवेत हिरवे पडून तापतात. क्रिंप केलेले (दाबून बसवलेले) लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, वर गोंदवाली श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी).

खारा_वारा: दादा, स्टार्टची बॅटरी रीलला देऊच नका, परतताना इंजिन फिरणार नाही. वेगळी १२.८ व्होल्ट ५० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बघा. लेड-ॲसिड निम्मीच वापरायची, तीही भाराखाली ढेपाळते. फक्त बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) रीलच्या कमाल करंटपेक्षा मोठा हवा, नाहीतर ऐन माशाच्या झटक्याला तोच वीज तोडेल.

देवगड_होडी: आउटबोर्डवरून (होडीच्या मागे लावलेल्या इंजिनावरून) चार्ज चालेल?

तारजोडणी: थेट नको. रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) नसलेली छोटी इंजिनं १५ व्होल्टच्या वर जातात. घरी, लिथियमच्याच चार्जरवर, १४.६ व्होल्टपर्यंत.