गोचीड चावल्यामुळे जनावरातील जिवाणूंचा संसर्ग बळावतो का?

माळरान (प्रश्न)
आमच्या एका संकरित गायीला ताप येऊन हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि रक्ततपासणीत ॲनाप्लाझ्मा हा गोचिडांमुळे पसरणारा जिवाणू निघाला. उपचारानंतर ती रवंथ करू लागली आहे; परंतु तिच्या कासेलगत एरंडाच्या बीएवढे फुगलेले गोचीड पाहून एक शंका मनात राहिली. गोचीड केवळ जंतूंची ने-आण करतो, की त्याच्या रक्त पिण्यामुळेच जनावराच्या शरीरात संसर्गाला वाट मोकळी होते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पशुवैद्यक
डास काही क्षणांत रक्त पिऊन उडतो. गोचीड मात्र दिवसेंदिवस एकाच जागी चिकटून राहतो आणि तेवढा काळ रक्त गोठू नये, खाज सुटू नये, त्या जागी पांढऱ्या पेशींनी गर्दी करू नये, यासाठी सतत लाळ सोडत असतो. कातडीचा तेवढा भाग संरक्षणाच्या दृष्टीने दुबळा होतो आणि लाळेबरोबर उतरणाऱ्या जिवाणूंचे आयतेच फावते.

गोचिडामुळे माणसांना होणाऱ्या अमेरिकेतील लाइम रोगात हे फार बारकाईने तपासले गेले आहे. उपाशी गोचिडाच्या आतड्यात या रोगाचा बोरेलिया जिवाणू जवळजवळ निपचित असतो. रक्त पोटात गेले की तो वाढू लागतो, आपल्या पृष्ठभागावरील प्रथिने बदलतो आणि लाळग्रंथींकडे सरकतो. तेथे लाळेतील साल्प-१५ हे प्रथिन त्याला चिकटते व प्रतिपिंडांपासून त्याचा बचाव करते. या तयारीला वेळ लागत असल्यामुळे पहिल्या २४ तासांत गोचीड काढल्यास त्या रोगाचा धोका बराच कमी होतो.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर मात्र पश्चिम आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांवरील गुरांमध्ये सापडते. तेथे डर्मॅटोफिलस या जिवाणूमुळे कातडीवर जाड खपल्या धरतात. ॲम्ब्लिओमा व्हेरिएगॅटम जातीचे गोचीड हा जिवाणू जनावराच्या अंगात सोडत नाहीत. ते चिकटतात पोटाखाली आणि कासेवर, तर खपल्या पाठीवरही येतात. तरीही गोचीडनाशक नियमित वापरले की रोग आटोक्यात येतो. म्हणजे प्रौढ गोचिडांच्या चाव्यामुळे त्या जागेपुरतीच नव्हे, तर संपूर्ण जनावराची प्रतिकारशक्ती खालावते.

मेंढवाडा
यात ब्रिटनमधील कोकरांचे उदाहरण जोडावेसे वाटते. तेथील गोचिडांमुळे ॲनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलमचा संसर्ग होतो आणि हा जिवाणू पांढऱ्या पेशींमध्येच शिरून वाढतो. या पेशी घटल्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस या पू करणाऱ्या जिवाणूला मोकळे रान मिळते. सांध्यांत आणि मणक्यांत गळवे होऊन कोकरे लंगडतात, काहींचे मागचे पाय निकामी होतात. एक संसर्ग दुसऱ्याला दार उघडून देतो, हे येथे स्पष्ट दिसते.

दुसरी बाजूही नोंदवतो. प्रयोगशाळेतील काही जातींच्या उंदरांवर आधी निरोगी गोचीड वारंवार सोडले, तर त्यांच्या कातडीत लाळेविरुद्ध प्रतिकार तयार होतो आणि नंतर बाधित गोचीड चावले तरी बोरेलियाचा संसर्ग कमी होतो. मात्र बोरेलियाला निसर्गात आश्रय देणाऱ्या पांढऱ्या पायांच्या उंदरांत असा प्रतिकार फारसा तयार होत नाही. त्यामुळे चाव्याचा परिणाम सर्व प्राण्यांत सारखाच होतो, असे मानू नये.

माळरान
आपणा दोघांचे आभार. आता गोठ्यात नेमके काय सांभाळावे?

पशुवैद्यक
आपल्याकडील रिपिसेफॅलस मायक्रोप्लस गोचीड जवळजवळ तीन आठवडे एकाच गुरावर काढतो, पण त्यातील नर शेजारच्या गुरांवर सरकतात आणि ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल ही गुरांतील ॲनाप्लाझ्माची जात पसरवतात. म्हणून एकट्या आजारी गायीवर नव्हे, तर सर्व गुरांवर आणि गोठ्याच्या भेगांमध्येही एकाच वेळी औषध फवारावे. बरी झालेली गाय पुढेही वाहक राहू शकते आणि हा जंतू चावणाऱ्या माश्यांमुळे व रक्त लागलेल्या सुईमुळेही पसरतो, त्यामुळे प्रत्येक जनावराला टोचताना सुई बदलावी. फवारणीच्या औषधाचे प्रमाण आणि नंतर दूध किती दिवस टाकायचे, हे स्थानिक पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावे.