तारेचे वळ असलेलं इम्पोर्टेड पाइन घ्यावं की सोडावं?

सुदामानगरची गच्ची
काल इंदूरच्याच एका नर्सरीत चीनहून आलेलं ब्लॅक पाइनचं बोन्साय (कुंडीत ठेंगणं वाढवलेलं झाड) बघून आलो, दीड फुटाचं, सांगितले पंचेचाळीस हजार. खोडावर खालून वरपर्यंत, आकार द्यायला गुंडाळलेल्या तारेचे वळ, मी मोजले, सात वेढे, सगळे एकाच दिशेने फिरलेले, अंगठा फिरवला की स्क्रूचे आटे लागावेत तसे लागतात आणि तिसऱ्या वेढ्यापाशी तर ॲल्युमिनियमचा तुकडाच आत राहिलाय, सालीच्या भेगेतून चकाकतो. नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, हे तर वयाचं लक्षण." मला हे अजिबात पटलं नाही. तार वेळेवर काढली नाही, झाड वाढत गेलं, तार रुतली, एवढंच ते आहे. अशा मालाला क्वालिटी म्हणून विकणं चूक आहे. तुमचं मत सांगा.

लोकमान्यनगर ताई
दादा, वयाचं लक्षण तर नाहीच ते, त्याने चुकीचं सांगितलं. पण प्रत्येक वळ म्हणजे हलगर्जीपणा हेही मला मान्य नाही. जपानच्या पाइन बोन्सायपैकी सुमारे ८० टक्के जिथून येतात त्या ताकामात्सुकडे, किनाशीच्या शेतांत, कोवळ्या रोपाला तार घालून वळवतात, आणि रुतू दिलेली तार ही खोड फुगवायची पाइनवाल्यांची जुनी रीत आहे, कारण तार दाबते तिथे दोन्ही बाजूंनी लाकूड फुगून येतं आणि खोड लवकर जाड दिसतं. ब्लॅक पाइनची साल पुढे जाड होते, तडकते, खवले धरते आणि खालचं झाकून टाकते. माझ्या एका झाडावर घेताना चार वळ होते, आता बारा वर्षांनी त्यातले दोन मलाच शोधावे लागतात. म्हणून वळ कुठे आहे ते आधी बघा. खोडाच्या खालच्या भागात असेल तर साल त्याला खाईल, पण वरच्या बारीक फांदीवर असेल तर तो तुमच्या हयातीत तसाच दिसणार.

सुदामानगरची गच्ची
ताई, तुमच्या झाडावर चार होते, इथे सात आहेत आणि सारख्या अंतरावर. साल वरून कितीही जाड झाली तरी खालचं लाकूडच वेटोळं झालंय ना, साल त्या उंचवट्यांवरच बसणार, लांबून बघितलं तरी पिळलेल्या दोरासारखं दिसेल. आणि खोड फुगवायला तार रुतू दिली असेल तर तो शॉर्टकट झाला, त्याचे पैसे मी का भरू?

ग्वाल्हेर लष्कर
मी दादांच्या बाजूने. आणि व्हाइट पाइन असेल तर विषयच संपला, त्याची साल कितीतरी वर्षं गुळगुळीत राहते, वळ लपायला जागाच नाही. पुष्कळदा ते ब्लॅक पाइनच्या बुंध्यावर कलम केलेलं असतं, खाली खडबडीत आणि वर एकदम मऊ, तो जोड आधी बघा. सुया (म्हणजे पाइनची पानं) मोजा, जुडीत पाच असल्या तर व्हाइट, दोन असल्या तर ब्लॅक (रेडलाही दोनच, पण त्या मऊ असतात). कोणी जोड न दाखवता पाच सुयांचं झाड विकत असेल तर सरळ परत फिरा.

मल्हारगंज काका
तुम्ही सगळे सालीवर भांडताय आणि मला झोप लागत नाही ती मुळांची काळजी करून. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे मातीसकट झाड देशात आणता येत नाही, म्हणजे मुळं धुऊन, उघडी करून ते इथे येतं, आणि पाइनला याच्याइतका मोठा मार दुसरा नाही, त्याच्या मुळांवरची पांढरी बुरशी म्हणजे त्याचा अन्नदाता, ती धुण्यात निघून जाते. गेल्या वर्षी माझ्याकडे वळ नसलेलं, देखणं, अगदी नितळ खोडाचं झाड आलं, मेमध्ये इंदूरच्या गरमीत सुया पिवळ्या पडल्या आणि ऑगस्टात गेलं. कुंडीतून काढलं तेव्हा मुळं काळी, बोटांत धरली की साल सुटून नुसता धागा हातात. आजही त्या रिकाम्या कुंडीकडे बघवत नाही. नर्सरीवाल्याला म्हणा, एका बाजूने माती सरकवून दाखव. पांढरे टोक आणि बुरशीचा पांढरा कापूस दिसला तर सात वळ असले तरी मी घेईन.

लोकमान्यनगर ताई
काका, तुमचं शंभर टक्के बरोबर. पण दादा, एक सांगते, तो आत राहिलेला तुकडा ओढू नका. ओढला तर सालीची पट्टीच निघून येईल. वरचा जेवढा दिसतो तेवढा कटरने तुकडे करून काढा, गिळलेला राहू द्या. आणि यापुढे घरच्या झाडाला तार घातली की पावसाळा सरताना दर आठवड्याला बघत जा, पाइनचं खोड त्या दिवसांत फुगतं, पंधरा दिवसांत तार रुतते, मी एका ऑक्टोबरमध्ये स्वतःची फांदी अशीच घालवली आहे.

सुदामानगरची गच्ची
काका, रविवारी सकाळी जाऊन मुळं बघून येतो. पांढरी असली तरी पंचेचाळीस देणार नाही, पस्तीसच्या वर नाही. वळांचे दहा हजार कापणारच, त्यावर मी ठाम आहे. ताई, तुमच्या त्या दोन सापडत नसलेल्या वळांचा जवळून फोटो टाका, मला सालीचे खवले बघायचे आहेत.