तुमच्या घराचे वय कशावरून कळले?

वाडा किती जुना, असे विचारले की ‘पेशवाईतला’ हे उत्तर बहुतेक घरांत तयार असते. ते खरे ठरवणारा किंवा खोडून काढणारा कोणता पुरावा तुमच्या हाती लागला, हे येथे लिहावे. कागदच हवा असे नाही, अडसराचे भोकही चालेल.

राजापूर

आमचे घर १८६५ सालचे, असे मी लहानपणापासून ऐकत आलो, कारण पडवीवरच्या मंगलोरी कौलांवर तो आकडा ठसठशीत उमटलेला आहे. एका मे महिन्यात कौले चाळताना त्याच आकड्याशेजारी बासेल मिशनचे नाव वाचले आणि चौकशी केली, तेव्हा कळले की हे त्या मिशनऱ्यांच्या मंगळूरच्या कौलांच्या कारखान्याच्या स्थापनेचे साल असून पुढच्या काळातल्या कौलांवरही ते छापले जाई. वडील दोन दिवस गप्प होते. मात्र वाशांवर आताच्या रिपांशी न जुळणारी खिळ्यांची जुनी भोके दिसली. म्हणजे आधी छपरावर नळीची कौले असणार आणि घर मंगलोरी कौलांहून जुने असणार. किती, ते वासे सांगत नाहीत.

सातारा जिल्हा

आमच्या वाड्याचा वरचा मजला ‘जळितात गेला’, एवढेच आजी सांगत असे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्यांत आमचेही होते, हे मला बरेच उशिरा समजले. विजेच्या तारा बदलण्यासाठी माजघरातला गिलावा काढला, तेव्हा एक तुळई एका अंगाने बारीक दिसली. सुताराने नखाने खरवडताच आत काळे लागले. जळालेला भाग वाकसाने तासून तीच तुळई पुन्हा चढवली होती, कारण नवे सागवान घेण्याची ऐपत उरली नव्हती. त्या दुपारी घरचे देव ज्या शेजाऱ्यांनी पाटीतून आपल्या घरी नेले, त्यांच्याकडे आमचा संक्रांतीचा पहिला तिळगूळ अजून जातो. १९५७ च्या कुळकायद्यानंतर जमिनी गेल्या आणि धान्याचे बळद रिकामे झाले. आम्ही मुले त्यात लपाछपी खेळत असू. ते कशामुळे रिकामे आहे, हे कोणीही विचारले नाही.

उमरगा

आमचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे घर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरताना, किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या दगडमातीच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर देण्याची रीत होती. ती माती उतरवली, तेव्हा कडेला ते थर वेगवेगळे ओळखू येत होते आणि आजोबा बोटाने मोजत होते. चाळिसाच्या पुढे त्यांनी मोजणे सोडले. एवढे ओझे डोक्यावर घेऊन आम्ही निजत होतो. खणांचे लाकडी खांब मात्र जागचे हलले नव्हते. आजचे पत्रे त्यांच्यावरच आहेत.