व्हायोलावर करिअर होतं का? प्रिमरोजच्या गावातून प्रश्न

ग्लासगोची_आई:
नमस्कार मंडळी. सात वर्षं झाली आम्ही ग्लासगोला. लेक १३ची, व्हायोलिन शिकते, ग्रेड पाचची परीक्षा झालीये. गेल्या आठवड्यात टीचरने मला थांबवून सांगितलं की हिचे हात लांब आहेत, कान चांगलाय, व्हायोलावर (व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य) टाकूया का हिला? मला वाटलं पोरगी मागे पडतेय म्हणून गोड बोलून बाजूला काढतायत. माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण ती हसली आणि म्हणाली मोठा व्हायोलावाला विल्यम प्रिमरोज याच शहरातला, त्याचं बघा जरा. बघितलं, माणूस मोठा दिसतोय पण अर्धं डोक्यावरून गेलं. नवरा म्हणतो मागच्या रांगेत बसून पं पं करायचं वाद्य आहे ते. तर खरं सांगा, सोलो व्हायोला वाजवून कुणाचं पोट भरलंय का?

खर्जवाला:
ताई, मी २२ वर्षं व्हायोला वाजवतो, आधी व्हायोलिनच होतं माझं, त्यामुळे तुमच्या पोटातला गोळा ओळखीचा आहे. पण टीचरने नाव अगदी बरोबर दिलंय.

प्रिमरोज १९०४चा, ग्लासगोत जन्मलेला, वडीलही वाजवणारे. पोरगा व्हायोलिनवर तयार झाला, लंडनला गिल्डहॉल या संगीतशाळेत शिकला, मग बेल्जियमला इझाईकडे गेला, आणि इझाईनेच त्याला सांगितलं की तू व्हायोला घे. म्हणजे बघा, त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या व्हायोलिनवाल्यांपैकी एकाने! तेव्हा हा विशीत होता, व्हायोलिनवर नाव व्हायला लागलेलं, आणि तरी त्याने ऐकलं. १९३०ला लंडन स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (चार तंतुवादकांचा गट) व्हायोला घेऊन बसला तो बसलाच.

आता पोटाचं. क्वार्टेट १९३५ला बंद पडलं. १९३७ला तो न्यूयॉर्कला तोस्कानिनी या कंडक्टरच्या एनबीसी रेडिओ ऑर्केस्ट्रात लागला, म्हणजे तुमचे मिस्टर म्हणतात तीच रांग. काही वर्षं नोकरी केली, मधेच स्वतःच्या नावाचं क्वार्टेट काढलं, मग सोलो. पॅगानिनीचे कॅप्रिस, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठीच्या अवघड रचना, जे व्हायोलिनवरच घाम काढतात, ते हा व्हायोलावर वाजवायचा.

आणि मुळात वाजवायला होतं काय? व्हायोलिनवाल्याला कॉन्चेर्टोंची (एक सोलो वादक आणि सोबत ऑर्केस्ट्रा अशी रचना) रांग लागलेली असते, आमच्याकडे बोटावर मोजण्याइतके. म्हणून प्रिमरोजने हंगेरीचा संगीतकार बार्टोकला सांगून एक लिहून घ्यायचं ठरवलं. सप्टेंबर १९४५मध्ये बार्टोकने कळवलं की कच्चा खर्डा तयार आहे, आणि त्याच महिन्यात तो गेला. मागे राहिले ते कागद संगीतकार टिबोर शेर्लीने लावून पूर्ण केले, आणि डिसेंबर १९४९ला मिनियापोलिसला प्रिमरोजने ते वाजवलं. आज बऱ्याच व्हायोला ऑडिशनला हा कॉन्चेर्टो समोर येतो. १९५०ला संगीतकार बेंजामिन ब्रिटनने ‘लाक्रिमे’ लिहिलं तेही याच्यासाठीच.

सिनेमावाल्यांचा_भाचा:
खर्जवाले भाऊ, हे सगळं शिखरावरचं झालं हो. माझे मामा मुंबईत रेकॉर्डिंगला व्हायोला वाजवायचे, गोव्याचे, चर्चच्या शाळेत शिकलेले. स्ट्रिंग्जमध्ये पुढे सगळी व्हायोलिनं, मागे व्हायोलाचे मोजके, आणि गाण्यात तो आवाज वेगळा ऐकूही यायचा नाही. मामा म्हणायचे आम्ही आमटीतलं मीठ, नसलो की कळतो. नंतर कीबोर्ड आले आणि मीठच बंद झालं. आज मुंबईत म्हणाल तर एनसीपीए या कलाकेंद्रात २००६पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण तिथेही सीझनला बरेच वाजवणारे बाहेरून, कझाकस्तान वगैरेहून येतात. पोरीला उगाच स्वप्नं दाखवू नका.

खर्जवाला:
स्वप्न नाही दाखवत, हिशोबच सांगतोय. अहो प्रिमरोजसुद्धा नुसत्या सोलोवर जगला नाही. फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीतसंस्थेत शिकवलं, १९६३ला हार्ट अटॅक आला त्यानंतर तर शिकवणंच वाढलं, इंडियाना युनिव्हर्सिटीत १९६५पासून काही वर्षं, मग जपानमध्ये, शेवटी युटामध्ये, तिथेच १९८२ला गेला. त्याच्या नावाचा व्हायोला संगीताचा संग्रह आजही ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीत आहे. आमच्याकडे शिकवणं ही दुय्यम नोकरी नाही, करिअरचा तो निम्मा भाग असतो. आजचंच घ्या, व्हायोलावादक किम कश्कशियानला २०१३ला ग्रॅमी मिळालं, तेही कुर्ताग आणि लिगेती या संगीतकारांच्या व्हायोला संगीतासाठी, आणि बाई बोस्टनला कॉन्झर्व्हेटरीत शिकवतात.

शिवाय संधी ओळखायलाही नजर लागते. लायोनेल टर्टिस, प्रिमरोजच्या आधीचा इंग्लंडमधला सगळ्यात मोठा व्हायोलावाला, त्याला संगीतकार वॉल्टनने कॉन्चेर्टो पाठवला तर त्याने फारच आधुनिक वाटला म्हणून परत धाडला! १९२९ला तो हिंडेमिथने वाजवला, स्वतः संगीतकार, स्वतः व्हायोलावाला. नंतर टर्टिसला चूक कळली आणि त्यानेही तो वाजवला.

ग्लासगोची_आई:
हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो गप्प आहे, हा आमच्याकडे विजय समजतात. पण लेकीचा प्रश्न वेगळाच निघाला, ती म्हणते माझी ई तार जाणार ना? रडवेलीच झाली.

खर्जवाला:
हो, जाणार. ए, डी, जी तिन्ही तशाच राहतात, वरची ई जाते आणि खाली सी येते. आपल्या भाषेत तारसप्तकातलं थोडं देऊन खर्ज घ्यायचा. मलाही सहा महिने ई आठवायची. आणि नोटेशन आल्टो क्लेफमध्ये, म्हणजे ओळींवर सुरांच्या जागा व्हायोलिनपेक्षा वेगळ्या, सुरुवातीला प्रत्येक सूर एकेक पायरी चुकतो आणि आपल्याला वाचताच येत नाही असं वाटायला लागतं. होतं ते सगळ्यांना.

सी तार बो पटकन ओढला तर नुसती खरखरते. बो हळू, वजन हाताचं, खांद्याचं नाही. कारण असं की त्या खर्जाला साजेलसा डबा करायचा तर तो हनुवटीखाली मावणारच नाही, म्हणून व्हायोला कायम गरजेपेक्षा लहान असतो, आणि त्यातूनच तो किंचित नाकातला, घोगरा आवाज येतो. आमच्यासारख्यांना त्याचंच वेड.

साईझचं मात्र सांभाळा. पूर्ण व्हायोलिन साधारण १४ इंचाचं, व्हायोला १५पासून १७पर्यंत कितीही. टर्टिसला मोठे आवडायचे, त्याने स्वतः पावणेसतरा इंचाचं मॉडेल काढलं होतं, आणि १९३७ला हाताच्या दुखण्यापायी त्याने वाजवणं सोडायचं जाहीर केलं. दुखणं साईझमुळेच असं मी म्हणत नाही, पण हात लांब आहेत म्हणून दुकानदार १६ गळ्यात मारेल तर नको. विकत तर मुळीच घेऊ नका, शाळेकडून एक टर्म उसना मागा. वाद्य खांद्यावर धरून डाव्या हाताने स्क्रोलला, म्हणजे वाद्याच्या टोकाच्या वळणाला, विळखा घालायला सांगा. कोपर सरळ ताठ होत असेल तर मोठा आहे.

ग्लासगोची_आई:
शाळेत १५चा आणि साडेपंधराचा असे दोनच आहेत म्हणे. सोमवारी दोन्ही धरून बघते. चिन रेस्ट तिचाच व्हायोलिनचा चालेल का त्यावर?

खर्जवाला:
बहुतेक नाही, व्हायोलाच्या बाजू जास्त उंच असतात, क्लॅम्प पुरणार नाही. शाळेच्या वाद्यावर असेल तोच राहू दे. शोल्डर रेस्ट मात्र नेऊन बघा, रुंदी वाढवता येते त्याची.