शाळेच्या शेवटच्या वर्षी एक्स्चेंजला पाठवावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीला शाळेचं शेवटचं वर्ष एक्स्चेंज स्टुडंट म्हणून अमेरिकेत काढायचंय. एएफएस आणि रोटरी यूथ एक्स्चेंज, मुलांना परदेशी शाळेत पाठवणाऱ्या या दोन्ही कार्यक्रमांची माहिती तिने स्वतःच काढली. तिची उमेद बघून नाही म्हणवत नाही, पण जिवाला घोर लागलाय.

वयाची अडचण नाही. जे-१ म्हणजे एक्स्चेंजसाठीच्या अमेरिकी व्हिसावर १५ ते साडेअठरा वर्षांची मुलं शाळेत जाऊ शकतात. काळजी आहे ती अभ्यासाची. तिथली शाळा डिप्लोमा देईलच असं नाही, ते त्या त्या शाळेवर अवलंबून. मग परत आल्यावर तेच वर्ष पुन्हा करावं लागतं का? तिथले विषय आणि मार्क आपल्या बोर्डाने धरल्याचा कुणाला अनुभव आहे का? शिवाय कॉलेज प्रवेशाचे अर्ज त्याच वर्षी भरायचे. शिफारसपत्र मागायचं कुणाकडे? जुने शिक्षक लांब, नव्यांची नुकती कुठे ओळख झालेली.

दुसरं, होस्ट फॅमिली. या व्हिसावर त्यांना मोबदला मिळत नाही, लोक आवडीने मुलांना घरात घेतात, हे मला फार मोलाचं वाटतं. पण नाहीच पटलं तर घर बदलून मिळतं का, आणि मुलीने आधी कुणाला सांगायचं?

वर्षभर आधीच पाठवणं बरं, असं मला मनातून वाटतं. ज्यांची मुलं शेवटच्याच वर्षी गेली होती, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. अर्जाची मुदत जवळ आली आहे.